गंधकाच्या भट्टीवरचा ओला पंचा

ओल्या पंच्याची युक्ती माझी होती. दुसऱ्या कुणाची नाही. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढं मी कारखान्याला बोलणार आहे, टाइम ऑफिसच्या साहेबाला बोलणार आहे. ते वाचताना कुणाला वाटू नये की हा गडी स्वतः धुतल्या तांदळासारखा होता.

मी भागवत. गाव बीडकडं, नेकनूरजवळचं. शाळा आठवीत सुटली. आता पुण्यात थोरल्या बहिणीकडं राहतो, कारण डॉक्टरांनी धुळीधुराच्या कामावर परत जायचं नाही असं सांगितलंय. आमच्याकडं धूळ आणि धूर सोडून दुसरं काम कुणी मला दाखवलं तर मी आज गाडीत बसेन.

दवाखान्यात समाजसेवेच्या एक ताई येतात. त्यांनी ही वही दिली. म्हणाल्या, तुमच्यासारखे अजून येतात, त्यांना डॉक्टरांचं बोलणं कळत नाही, तुमचं कळेल. मला अर्जापलीकडं काही लिहायची सवय नाही. पण त्या माउलीनं मला खाटेवर उठवून बसवलं होतं, पाठीमागं उशी लावली होती, तेव्हा नाही म्हणवलं नाही.

भट्टी

साखर पांढरी कशी होते हे खाणाऱ्याला माहीत नसतं. उसाचा रस निघतो तो काळपट हिरवा. त्यात चुन्याची निवळी घालतात आणि गंधक जाळून त्याचा धूर सोडतात, मग रस निवळतो. तो गंधक जाळायची बंद लोखंडी भट्टी असते. झाकण उघडायचं, पिवळा गंधक फावड्यानं आत लोटायचा, झाकण लावायचं. हेच काम आठ तास.

झाकण उघडलं की जो धूर अंगावर येतो, त्याच्यापुढं दिवाळीच्या फटाक्याचा वास म्हणजे अत्तर. नाकात सुई खुपसल्यागत होतं. घसा आवळतो. दात आंबतात. कैरी खाल्ल्यावर आंबतात तसेच, पण कैरीचे संध्याकाळपर्यंत उतरतात, हे पाळी बदलली तरी उतरत नव्हते.

कारखाना सहकारी. नाव लिहीत नाही. आबा, म्हणजे माझे वडील, त्याचे सभासद. ते कधी कारखाना असं म्हणायचेच नाहीत, 'आपला' म्हणायचे. आपला पेटला का. आपल्याचा भोंगा झाला का. सभासदाचा पोरगा म्हणून मला हंगामी कामावर घेतलं. हंगामी म्हणजे गाळप चालू तोवर काम, बॉयलर विझला की घरी. दिवाळी आली की टाइम ऑफिसच्या, म्हणजे हजेरी कचेरीच्या, भिंतीवर यादी लागायची. तीत नाव आहे का हे बघायला आम्ही सकाळपासून उभे राहायचो. असे नऊ हंगाम झाले की दहाव्याला कायम करतात, असं सगळे म्हणायचे. कायम झालेला माणूस मला भेटला नव्हता असं नाही. दोन भेटले होते. दोघं संचालकांचे पाहुणे होते.

त्या वर्षी पाऊस झालाच नाही. ऊस कमरेएवढा, त्यातला निम्मा जनावरांच्या छावणीला वैरण म्हणून चालला होता. तरी बॉयलर पेटवला, कारण संचालक मंडळाची निवडणूक वर्षावर आली होती आणि बंद कारखान्याच्या जिवावर मतं मागता येत नाहीत. पाण्याची ओरड होती. भट्टीच्या अंगाभोवती गार पाणी फिरवावं लागतं, ते कमी केलं. लोखंड तापलं, सांधे सुटले, झाकण न उघडताच धूर यायला लागला. आम्हाला वापरायला टँकरच्या पाण्याची एक बादली मिळायची, अख्ख्या पाळीला.

जुने लोक भट्टीवर गालात गुळाचा खडा धरायचे. धूर गुळाला चिकटतो म्हणायचे. मला ते अडाणीपणाचं वाटलं. मी पंचा पाण्यात भिजवून नाकातोंडाला गच्च बांधला. पहिल्या क्षणी असं वाटलं की कुणी गार हात ठेवला तोंडावर. धूर निम्मा झाला. पण भट्टीच्या आचेनं पंचा लगेच वाळायचा. मग तोच पंचा परत बादलीत बुडवायचा, पिळायचा, परत बांधायचा. चालायला नको म्हणून बादली भट्टीच्या पायाशीच ठेवलेली. डोळे चुरचुरले की तेच पाणी डोळ्यांना.

पाळी संपता संपता ते पाणी जिभेला लावलं तर आंबट लागायचं. आम्ही हसायचो. त्याला लिंबू सरबत म्हणायचो.

मी त्या हंगामात दहा-बारा जणांना ही युक्ती शिकवली. भट्टीवर नवा माणूस आला की फोरमन म्हणायचा, जा, भागवतकडनं पंचा बांधायला शिक. मला त्याचा अभिमान होता. आठवीत सुटलेल्या माणसाला कुणी 'शिक याच्याकडनं' म्हणतं तेव्हा काय वाटतं, हे शिकलेल्यांना कळणार नाही.

नाक

आधी नाकात खपली धरायला लागली. सकाळी शिंकरलं की रक्ताची रेघ. मग वास जायला लागला. तव्यावर भाकरी करपून धूर झाला तरी मी पलीकडं बसून जेवत होतो. बायको, शोभा तिचं नाव, तिनं भाकरी माझ्या नाकाला लावली आणि विचारलं, येतोय का वास. मी येतोय म्हणालो. तिथून खोटं बोलायला सुरुवात झाली बहुतेक.

खोकला आला. कोरडा होता तो ओला झाला. हंगाम संपला, घरी आलो, तरी गेला नाही. दम लागतो हे कळायला जिने नव्हते आमच्याकडं, पण टँकर आला की हंडा घेऊन पळावं लागतं. त्या पळण्यात कळलं. मी पोचेपर्यंत नळीभोवतीची गर्दी मोडलेली असायची. बायाबापड्या माझ्यापुढं पाणी भरून निघायच्या. मग ताप. मग कपड्यात अंग सैल झालं.

एक वाक्य

बीडला छातीचा फोटो काढायला निघालो त्याच्या आदल्या दिवशी टाइम ऑफिसचे साहेब रस्त्यात भेटले. त्यांनी गाडी थांबवली, तब्येत विचारली, खांद्यावर हात ठेवला. वाईट माणूस नव्हता. म्हणूनच जास्त राग येतो.

"दवाखान्यात गोदामात हाय म्हण," ते म्हणाले. "भट्टी म्हणलं की कारखान्याच्या नावानं कागद होतो. कागद झाला की पुढच्या यादीत तुझं नाव कोण घालणार बे?"

मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, उपकार वाटले. साहेबानं आपल्यासाठी गाडी थांबवली.

डॉक्टरांनी विचारलं, काम काय. मी म्हणालो, गोदामात पोती उचलतो. विडी? नाही. घरात कुणाला टीबी? चुलत्याला होता. हे खरं होतं. फोटोत डाग होते, ताप होता, वजन उतरलेलं होतं. थुंकी तपासली तर जंतू सापडले नाहीत. पण कधी कधी सापडत नाहीत म्हणाले, आणि टीबीच्या गोळ्या चालू केल्या. त्यांना मी दोष देत नाही. मी ज्या माणसाची माहिती दिली त्या माणसाला त्यांनी औषध दिलं. तो माणूस मी नव्हतो.

सहा महिने

टीबी झालेल्या घराचं काय होतं ते ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. माझं ताट वेगळं झालं. आईनंच केलं. ताट ठेवून लगेच मागं सरायची आणि पदर नाकाला लावून उभ्या उभ्या रडायची. शोभाचे वडील उमापूरहून आले आणि तिला आणि पोरीला घेऊन गेले. पोरगी पाच वर्षांची. लहान लेकराला लगेच लागण होते, असं ते माझ्याकडं न बघता बोलले. मीच पोरीची पिशवी भरली. तिला जवळ घेतलं नाही. तिनंही हट्ट केला नाही, तिला आधीच सांगून ठेवलं असावं.

गोळ्यांनी लघवी केशरी व्हायची. मळमळायचं. खोकला तसाच. एकच माणूस माझ्याजवळ बसायचं, गावातल्या आशाताई. गोळी द्यायला यायच्या, माझ्याच खाटेवर टेकायच्या, आईकडं पाणी मागून माझ्यासमोर प्यायच्या. मुद्दाम पीत होत्या हे मला नंतर उमगलं. त्यांचे उपकार कसे फेडू मला माहीत नाही.

दिवाळीला यादी लागली. माझं नाव नव्हतं. माझ्या जागेवर अंकुशचं होतं. अंकुश माझा धाकटा भाऊ, लग्न झालेला, बायको पोटुशी. पावसानं दुसऱ्या वर्षीही दगा दिला होता, शेतात करायला काही नव्हतं. आबा खूश झाले. म्हणाले, बघ, आपल्यानं जागा घरातच ठेवली.

पहिल्या पाळीला निघायच्या आधी अंकुश माझ्या दारात येऊन उभा राहिला. दादा, काही ध्यानात ठेवायचं का, म्हणाला.

मी खाटेवरून त्याला सांगितलं, "पंचा ओला ठेव. वाळू देऊ नको."

वर जोर देऊन सांगितलं, बादली जवळ ठेव.

पुणे

गोळ्यांचा कोर्स पुरा झाला आणि मला जास्त झालं. ताप उतरेना, पिवळा-हिरवा बेडका पडायला लागला, बोलताना वाक्य मधेच तुटायचं. अक्का, माझी थोरली बहीण, पुण्याहून आली. तिनं कुणाला विचारलं नाही. आईला म्हणाली, हा इथं राहिला तर मला याच्या मातीलाच यावं लागंल, आणि एसटीत घालून मला घेऊन गेली. अख्ख्या वाटेत तिनं खिडकीची जागा मला दिली.

मोठ्या दवाखान्यातला दिवस तुम्हाला सांगून ठेवतो, म्हणजे भीती कमी वाटेल. पहाटेच उठवतात, काखेत थर्मामीटर. मग रक्त. चहा येतो तो कोमट असतो, पण येतो. फरशी पुसतात. सगळे फिनेलच्या वासाला नाकं मुरडायचे, मला काहीच यायचं नाही. नऊला डॉक्टरांचा घोळका. ते तुमच्याबद्दल बोलतात, तुमच्याशी नाही. त्याचं मनाला लावून घेऊ नका, शेवटी एक जण तरी थांबतं आणि बोलतं. दुपारी छातीवर थापट्या मारून कफ मोकळा करतात. पाच ते सात भेटीची वेळ. ज्यांना कुणी येत नाही ते त्या वेळेला भिंतीकडं तोंड करून झोपतात. अक्का कामाला जायची, घरकामं करते ती, रोज येणं व्हायचं नाही. मी पण झोपायचो.

वॉर्डात एक मामा होते, खाटा ढकलणारे. मूळचे लातूरकडचे. माझी बोली ऐकल्यापासून मला 'मराठवाडा' म्हणायचे. काय मराठवाडा, श्वास आला का गावाकडनं, की अजून एसटीतच हाय? मी हसलो की खोकला यायचा, खोकला आला की कफ पडायचा. तेच पाहिजे होतं त्यांना. म्हणायचे, बघ, माझं औषध फुकटचं.

शेजारच्या खाटेवर एक रिक्षावाले होते. आयुष्यात कारखाना बघितलेला नाही. चौकात उभं राहून गाड्यांचा धूर खाल्ला तीस वर्षं. त्यांचाही खोकला माझ्यासारखाच. तेव्हा मला वाटलं होतं, याचा आणि माझा काय संबंध.

ज्या दिवशी कळलं

डॉक्टर बाई तरुण होत्या. घोळका पुढं गेला, त्या मागं थांबल्या. विचारलं, काम काय करत होता. मी म्हणालो, गोदामात. त्यांनी तोंड उघडायला सांगितलं, बॅटरी लावून दात बघितले. पुढच्या दातांच्या कडा झिजून कागदासारख्या पातळ झाल्या होत्या. मला ते रोज आरशात दिसत होतं, पण वयानं होत असेल म्हणून सोडून दिलं होतं.

"पोती उचलून दात झिजत नाहीत," त्या म्हणाल्या. एवढंच. आणि बॅटरी खिशात टाकली.

मी तोंड मिटून घेतलं. डोक्यात यादी होती. माझं नाव गेलं ते गेलं, पण अंकुशचं आहे. इथं पुण्यात एक कागद होईल, तो तिथं पोचेल, त्याचंही नाव जाईल, त्याची बायको बाळंतपणाला आलेली. श्वास पुरत नसताना माणूस हे मोजत बसतो.

अक्का त्या दिवशी तिथं होती. ती म्हणाली, "आरं बोल की. इथं कोण साहेब बसलाय तुझा? कशापायी भितो?"

मग मी सांगितलं. भट्टी, गंधक, धूर, नऊ हंगाम. बाई लिहून घेत होत्या. मी पंच्याचंही सांगितलं, जरा ऐटीतच सांगितलं, की आम्ही काळजी घेत होतो. एक बादली, तेच पाणी, आठ तास. त्यांचा हात थांबला. त्यांनी पेन बंद करून खिशात ठेवलं आणि खाटेच्या कडेवर बसल्या.

त्यांनी जे समजावलं ते मला समजलं तसं लिहितो. गंधकाचा धूर पाण्यात विरघळतो आणि पाण्याचं तेजाब होतं. सौम्य असतं, पण तेजाबच. नाकापासून छातीपर्यंत आतून एक ओलसर अस्तर असतं. त्याच्यावर चिकट थर, आणि डोळ्याला न दिसणारी बारीक लव. धूळ, जंतू, जे आत येईल ते चिकटतं आणि ती लव त्याला झाडून बाहेर काढते. आपल्याला पत्ता पण लागत नाही. ते अस्तर म्हणजे राखण आहे. ते जळलं की मग काहीही आत शिरतं. धुरानं ते जळत होतंच. मी त्या धुराला पाण्यात मुरवून तोंडाला बांधत होतो.

मला आमच्या घरावरचं मातीचं माळवद आठवलं. आबा दर उन्हाळ्यात त्याच्यावर पांढऱ्या मातीचा थर देतात. ती चिकट असते, पाणी आत जाऊ देत नाही. एखाद्या वर्षी तो थर दिला नाही तर घर खालून चांगलंच दिसतं. पण वरून ओल उतरते, लाकडाला वाळवी लागते, आणि एक दिवस तुळई खाली येते. लोक म्हणतात तुळई कच्ची होती.

मी बाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, बरोबर, असंच. मग शेजारच्या खाटेकडं बघून हळू म्हणाल्या, त्यांचंही माळवदच गेलंय, फक्त हळूहळू.

पुढं नाकातून दुर्बीण घातली, नळीत फुंकायला लावलं. तीन दिवसांनी सांगितलं की मला टीबी नाही. बहुतेक कधीच नव्हता. श्वासाच्या नळ्या आतून जळून अरुंद झाल्यात, खालच्या बाजूला कायमच्या फुगून बसल्यात, तिथं पू साठतो. गेलेलं परत येणार नाही. राहिलेलं राखता येईल.

तुम्ही म्हणाल मी रडलो असेन. नाही. मला आनंद झाला. टीबी नाही म्हणजे पोरीला जवळ घेता येईल, हेच पहिलं आलं मनात. मामा खाट ढकलत होते, त्यांनाही मी सांगितलं, टीबी न्हाई मामा. लिफ्टमध्ये शिरलो आणि दार बंद होताना मला आठवलं की या क्षणाला अंकुश दुसऱ्या पाळीत भट्टीवर उभा आहे.

फोन

त्याची पाळी सुटल्यावर लावला. सगळं सांगितलं.

"दादा, तूच शिकवलंस ना?"

"चुकलं माझं."

"मग आता काय बांधू? कोरडा बांधला तर जीवच जातो."

बाईंनी सांगितलेलं गाळणीचं मास्क मी सांगितलं. त्यानं ते टाइम ऑफिसला मागितलं. ते म्हणाले, भावाला टीबी झालाय आणि तू मास्क मागतो व्हय? सगळे हसले. हे त्यानं मला सांगितलं तेव्हा तो मधे दोनदा खोकला. तो खोकला मी ओळखत होतो. कोरडा. पहिल्या हंगामाचा.

काम सोड म्हणालो तर म्हणाला, सोडून काय करू, टँकरमागं पळू? एक हंगाम काढतो, मग बघू. मीही हेच म्हणायचो.

मी बाईंकडं कागद मागितला. त्यांनी साध्या मराठीत लिहून दिलं, की हा आजार गंधकाच्या धुरानं झालाय, त्या जागेवर काम करणाऱ्याला धोका आहे. आबांना फोनवर वाचून दाखवला. आबा म्हणाले, "आपल्याच्या इरोधात कागद करतो व्हय? निवडणुकीच्या तोंडावर?" मी म्हणालो, आबा, एक पोरगं गेलंय तुमचं कामातून, दुसरं चाललंय. त्यांनी फोन आईकडं दिला.

शोभा

टीबी नाही हे कळल्यावर शोभा पोरीला घेऊन पुण्याला आली. मला वाटलं होतं ती रडेल, मी पोरीला जवळ घेईन, बाकीचे बघतील. पोरगी माझ्याजवळ यायला तयार नव्हती. सहा महिने तिला शिकवलं होतं की बाबाजवळ जायचं नाही. ती अक्काच्या पाठीमागं उभी राहून बघत होती.

शोभाला मी गोदामाचं सांगितलं. साहेबाचं सांगितलं. ती ऐकून घेत होती. मग सावकाश म्हणाली, "म्हंजी मी लेकराला बापापासून तोडलं, ते तुमच्या एका खोट्यापायी."

ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. माझं डबा-बाटली सगळं केलं, पण बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तो कागद मागून घेतला आणि गावाला गेली.

पुढचं मी अंकुशकडून ऐकलेलं आहे. ती थेट कारखान्यावर गेली. आबांना घरून उठवून सोबत घेतलं. आबा टाइम ऑफिसच्या दारापर्यंत आले आणि बाहेर थांबले, आत गेले नाहीत. पण आले. शोभा आत गेली. साहेब म्हणाले, वहिनी बसा, चहा घ्या. ती उभीच राहिली. तिनं सांगितलं, माझ्या दिराला त्या भट्टीवरून आज काढा. नाहीतर सर्वसाधारण सभेत हा कागद वाचला जाईल. मला वाचता येत नाही म्हणून काय झालं, बाहेर सभासद उभे आहेत, ते वाचतील.

साहेबानं दारातून बाहेर बघितलं. आबांनी मान खाली घातली, पण जागेवरून हलले नाहीत. त्या एका न हलण्याबद्दल मी त्यांना सगळं माफ केलंय.

दुसऱ्या दिवशी अंकुशला ऊसगाड्यांच्या तळावर टाकलं. तिथं धूळ आहे, धूर नाही. कागद साहेबानं ठेवून घेतला. सभा झाली, त्यात तो कुणी वाचला नाही. निवडणूक झाली. तेच लोक निवडून आले. आबांनी त्यांनाच मत दिलं असेल, मी विचारलेलं नाही.

वाचणाऱ्याला

मला डॉक्टरकीतलं कळत नाही, मी तीनच गोष्टी सांगतो. डॉक्टरनं काम विचारलं तर खरं काम सांगा. नोकरीच्या यादीतलं नाव गेलं तर माणूस दुसरं काहीतरी करून जगतो. नाकातून रक्ताची रेघ आली, वास गेला, दात आंबायला लागले तर ते कामापायी होतंय असं समजा. आणि एखाद्या जाणत्या गड्यानं तुम्हाला काही युक्ती शिकवली, आणि पहिल्या क्षणी बरं वाटलं, तरी विचारा कुणाला तरी. माझ्यासारखे जाणते लई असतात.

मी आता रोज दोन वेळा औषधाचा फवारा ओढतो, सकाळी उलटं झोपून कफ काढतो. एका सोसायटीच्या दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं वहीत लिहितो. पोरगी इथल्याच शाळेत जाते. आता जवळ येते, पण आधी थांबून बघते. बरा आहे असं म्हणतात मला. असेन.

मागच्या आठवड्यात अंकुशनं सांगितलं की माझ्या जागेवर आता आमच्याच गावचा परमेश्वर आहे. पस्तिशीतला, तीन लेकरांचा बाप. अंकुशला हलवलं त्याच दिवशी तिघं जण ती जागा मागायला आले होते, म्हणे. मी विचारलं, पंचा बांधतो का. अंकुश म्हणाला, बांधतो की. ओला.

मी नंबर घेतला आणि फोन लावला. परमेश्वर माझ्यापेक्षा लहान, आदरानं बोलणारा. मी त्याला सगळं सांगितलं. पाणी, तेजाब, अस्तर, माळवद, दात. मधे मला दम लागला, थांबावं लागलं, तो थांबला. हो भाऊ म्हणाला. बरं भाऊ म्हणाला. पाणी बदलायला सांगितलं, तर भाऊ, पाणी एकच बादली हाय, म्हणाला. मास्क मागा सगळे मिळून, म्हणालो. बघतो भाऊ.

मग जरा घुटमळला.

"भाऊ, एक इचारू का? राग न्हाई ना येणार?"

"इचार."

"तुमी परत जाग्यावर येणार हाय का?"

मी म्हणालो, न्हाई.

"आन अंकुश?"

"न्हाई. तोबी न्हाई."

"मग ठीक हाय," परमेश्वर म्हणाला, आणि त्यानं सुस्कारा सोडला. फोनवर मला तो पूर्ण ऐकू आला. लांब, मोकळा, कुठंही न अडकणारा.